खाऊचे कोडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोलोरॅडो नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथे जो मार्कहॅम नावाचे एक गृहस्थ राहत असत. त्यांच्यापाशी फ्रिट्झ नावाचा एक कुत्रा होता. तो जर्मन शेफर्ड जातीचा होता; आपल्याकडे या जातीला अल्सेशियन असेही म्हणतात. फ्रिट्झ पूर्वी पोलीस खात्यात चाकरीला होता. तेथून निवृत्त झाल्यावर तो मार्कहॅम यांच्या घरी आला.

फ्रिट्झ देखणा होता, हुशार होता. परंतु त्याला एक विलक्षण खोड होती. तो दगड चावीत असे! दगड नसला, तर काटक्या चालत. काटक्या नसल्या, तर पत्र्याचे डबेही चालत. या खोडीपायी त्याचे दात झिजू लागले. कुत्र्याचे दात म्हणजे त्याचे हातच. त्यांनीच तो धरतो, त्यांनीच उचलतो आणि त्यांनीच खातो. ते असेच झिजत गेले, तर या उमद्या जनावराचे पुढे कसे होणार, अशी चिंता त्याच्या धन्याला लागून राहिली.

एके दिवशी मार्कहॅम आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करीत बसले होते. जवळच फ्रिट्झचा दगड चघळण्याचा उद्योग चालू होता. त्याचे लक्ष दगडावरून उडावे म्हणून मार्कहॅम गाडीचे सुटे भाग त्याच्याकडे टाकू लागले. एका भागाने मात्र जादू केली. खड्ड्यांतून जाताना गाडीला बसणारे धक्के सोसण्यासाठी बसविलेला तो रबराचा एक जाड तुकडा होता. फ्रिट्झने तो तोंडात धरला, चावून पाहिला आणि मग तो त्याला सोडीना. दगड बाजूलाच राहिला. दातांना इजा न करणारी, परंतु दातांना दादही न देणारी वस्तू अखेर सापडली होती.

दुसरा एखादा मनुष्य एवढ्यावरच समाधान पावला असता. मार्कहॅम यांनी मात्र त्यावर पुढे विचार केला. त्यांनी त्या तुकड्यासारखे एक खेळणे बनविले आणि १९७६ साली त्याचा व्यवसाय सुरू केला. एकावर एक असे तीन लहानमोठे चेंडू चिकटवून ठेवावेत, तसा या खेळण्याचा आकार आहे. त्यामुळे ते जमिनीवर आपटले, की कोणत्या दिशेला उसळेल याचा नेम नसतो. किंग काँग हे १९३३ सालच्या एका प्रसिद्ध चित्रपटातील अजस्र वानराचे नाव. हे खेळणे पाहून कोणीतरी थट्टेने म्हटले, की हे तर किंग काँगच्या कानांत घालावयाचे बोळेच दिसते! त्या थट्टेवरून खेळण्याला ‘काँग’ हे नाव मिळाले.

हे खेळणे आतून पोकळ असते. पुढे त्या पोकळीत खाऊ भरून ते कुत्र्याला देण्याची पद्धत रूढ झाली, आणि चावण्याचे खेळणे हा हा म्हणता कोड्याचे खेळणे झाले. आत खाऊ आहे हे नाकाला कळते; पण तो बाहेर कसा काढावा हे डोक्याला शोधावे लागते. कुत्रा त्यात जीभ घालतो, पंजाने ते दाबून धरतो, उचलून आपटतो. खाऊ घट्ट भरलेला असला किंवा भरून बर्फासारखा गोठविलेला असला, तर एरवी दोन मिनिटांत संपणारा घास संपावयास बराच वेळ लागतो.

खाऊ सुखासुखी न देता असा लपवून ठेवण्याचे कारण काय? हे समजण्यासाठी कुत्र्याचा पूर्वेतिहास थोडा ध्यानात घ्यावा लागतो. कुत्र्याचे पूर्वज लांडगे होते. त्यांना प्रत्येक घास मिळविण्यासाठी माग काढावा लागे, मैलोगणती धावावे लागे, दबा धरून बसावे लागे. कुत्रा मनुष्याच्या सोबतीला येऊन किमान चौदा हजार वर्षे लोटली आहेत. या दीर्घ काळात मनुष्याने त्याला अन्न दिले, पण त्याबरोबर कामही दिले. कोठे त्याने मेंढरे राखली, कोठे शिकारीचा माग काढला, कोठे बर्फावरून गाड्या ओढल्या. आपल्याकडे धनगराच्या कळपाबरोबर चालणारा कुत्रा दिवसा मेंढरांबरोबर वाट तुडवितो आणि रात्री लांडग्याची चाहूल घेत जागा राहतो. त्याला वेळ कसा घालवावा, असा प्रश्न कधी पडत नाही.

शहरातील चार भिंतींच्या आत राहणाऱ्या कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे अन्न ठरल्या वेळी थाळीत येऊन पडते आणि पाहता पाहता संपते. घरातील मोठी माणसे कामावर जातात, मुले शाळेत जातात, आणि बंद दाराकडे तोंड करून तो बसून राहतो. त्याचे पाय धावण्यासाठी घडलेले आहेत, नाक शोधण्यासाठी घडलेले आहे. परंतु या दोहोंना काम उरलेले नाही. मग तो स्वतःच काम शोधतो. चपला कुरतडतो, उशीतला कापूस उपसतो, तासन् तास भुंकतो. घरी परतलेली माणसे तो पसारा पाहून संतापतात आणि कुत्रा द्वाड आहे असे ठरवून त्याला मारतात किंवा साखळीला बांधून ठेवतात. वास्तविक भीती, आजारपण किंवा एकटेपणा यांमुळेही कुत्रा असे वागू शकतो. परंतु पुष्कळदा त्याचा अपराध एवढाच असतो, की त्याला करण्यासारखे काहीच नव्हते. साखळीने हा रिकामेपणा कमी होत नाही, उलट वाढतो.

हा रिकामेपणा भरून काढण्यासाठी कोड्याच्या खेळण्यांचे निरनिराळे प्रकार निघाले आहेत. एक प्रकार आहे गडगडणाऱ्या चेंडूचा. हा चेंडू पोकळ असून त्याला एक भोक असते. चेंडू गडगडत असताना ते भोक कधी वर येते, कधी बाजूला जाते आणि कधी खाली येते. ते खाली आले आणि त्याच क्षणी आतील दाणा भोकापाशी असला, तरच तो बाहेर पडतो. म्हणून चेंडू नुसता धरून बसल्याने काही मिळत नाही. तो नाकाने ढकलीत राहावे लागते. आत आडवे पडदे असले, तर दाण्याला भोकापर्यंत येण्यास आणखी वेळ लागतो आणि कोडे अधिक अवघड होते.

दुसरा प्रकार आहे सरकत्या झाकणांच्या पाटाचा. १९९० नंतरच्या दशकात स्वीडन देशातील निना ओटोसन या बाईंनी असे लाकडी पाट बनविण्यास आरंभ केला. त्यांच्या घरी कुत्रे होते आणि लहान मुलेही होती. मुलांचे करता करता कुत्र्यांना पुरेसा वेळ देता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. त्यातून ही खेळणी जन्माला आली. अशा पाटावर लहान लहान खळगे असतात. प्रत्येक खळग्यात खाऊ ठेवून त्यावर झाकण बसवितात. एखादे झाकण उचलावे लागते, एखादे बाजूला सरकवावे लागते, तर एखादे दुसरे झाकण हलविल्याशिवाय हलतच नाही.

तिसरा प्रकार सर्वांत साधा आहे. तो म्हणजे चिंध्यांची चटई. जाळीदार चटईच्या भोकाभोकांतून कापडाच्या पट्ट्या ओवून त्यांचे दाट गवतासारखे रान करतात आणि त्यात खाऊचे कण विखरून टाकतात. येथे दातांचे काम नाही, पंजाचेही फारसे नाही. काम आहे ते केवळ नाकाचे.

कुत्रा अशी कोडी सोडवावयास शिकतो तरी कसा? एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमधून या प्रश्नावर बराच प्रकाश पडला. त्याने फळ्यांच्या पेट्या बनविल्या. पेटीत भुकेले मांजर किंवा कुत्रा ठेवावयाचा आणि बाहेर अन्न ठेवावयाचे. आतील दोरी ओढली किंवा खिट्टी फिरविली, की दार उघडे. प्रथम ते जनावर नुसती धडपड करी. ओरबाडी, चावी, धक्के देई. त्या धडपडीत अवचित एखाद्या वेळी दार उघडे. पुन्हा पेटीत ठेवल्यावर निरुपयोगी धडपड थोडी कमी होई. असे अनेकदा झाल्यावर ते सरळ दोरीकडेच जाई. ज्या कृतीने फळ मिळते ती टिकते आणि जिने मिळत नाही ती गळून पडते, असा निष्कर्ष थॉर्नडाइकने काढला. खाऊचा चेंडू ढकलणारा कुत्राही बऱ्याच अंशी याच वाटेने जातो. म्हणून पहिले कोडे सोपे असावे लागते. पहिल्या दिवशीच ते फार अवघड निघाले आणि धडपडीला फळ आले नाही, तर कुत्रा ते सोडून निघून जातो.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. आयते मिळत असताना कोणी कष्ट का करावेत? १९६३ साली ग्लेन जेन्सन या अमेरिकन संशोधकाने उंदरांवर एक प्रयोग केला. दांडी दाबली की अन्नाची गोळी मिळते, हे त्याने उंदरांना शिकविले. मग त्यांच्या पिंजऱ्यात अन्नाने भरलेली वाटीही ठेवली. आता दांडी दाबण्याची काहीच गरज नव्हती. तरीही बहुतेक उंदीर आपल्या अन्नाचा काही भाग दांडी दाबूनच मिळवीत राहिले! पुढे इतर अनेक प्राण्यांतही असे वर्तन आढळले. त्यावरून कुत्र्यालाही आयत्या अन्नापेक्षा कष्टाचे अन्न अधिक गोड लागत असेल, असे पुष्कळांना वाटू लागले.

परंतु शास्त्रात वाटण्याला महत्त्व नसते, पाहण्याला असते. पाळीव मांजरांची अशी परीक्षा घेतली, तेव्हा बहुतेक मांजरांनी आयती थाळीच पसंत केली. कुत्र्यांची परीक्षा घेताना त्यांच्यापुढे एका बाजूला उघडी थाळी आणि दुसऱ्या बाजूला चिंध्यांची चटई ठेवण्यात आली. दोन्हींत अन्न होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून असे दिसले, की कुत्रे चटईतील अन्न शोधण्यास तयार असतात. परंतु समोर उघडी थाळी असताना ते चटईला अधिक पसंती देतात, असे मात्र नाही.

तर मग कोड्याच्या खेळण्याचा उपयोग काय? त्याचे उत्तर दुसऱ्या एका प्रयोगात मिळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवडे नाकाने खाऊ शोधण्याचा खेळ दिला. दुसऱ्या गटाला तितकेच दिवस धन्याच्या पावलाशी पाऊल मिळवून चालण्याचा सराव दिला. या खेळांच्या आधी आणि नंतर दोन्ही गटांची एक परीक्षा घेतली. वाडगे एका बाजूला ठेवले, की त्यात खाऊ असे. दुसऱ्या बाजूला ठेवले, की ते रिकामे असे. हे कुत्र्यांना माहीत झाल्यावर वाडगे बरोबर मध्ये ठेवले. आता त्यात काही असेल की नसेल? शोधाचा खेळ खेळलेले कुत्रे या मधल्या वाडग्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. म्हणजे आपल्या नाकाने, आपल्या मर्जीने शोध घेण्याची संधी मिळाली, की ‘काहीतरी चांगले मिळेल’ अशी आशा कुत्र्याच्या मनात वाढीस लागते, असे म्हणावयास जागा आहे. सरळ मिळणारे अन्न पोट भरते; शोधून मिळविलेले अन्न त्याखेरीज मनालाही काम देते.

असे खेळणे विकतच आणले पाहिजे असे नाही. घरातील जुना पंचा जमिनीवर पसरावा, त्यावर भाकरीचे बारीक तुकडे ओळीने मांडावेत आणि पंचा सैल गुंडाळावा. कुत्रा नाकाने ढकलून तो उलगडतो आणि एकेक तुकडा मिळवितो. हे जमू लागले, की गुंडाळी थोडी घट्ट करावी. तीन वाट्या पालथ्या घालून त्यांतील एकीखाली खाऊ लपवावा, हा खेळही सोपा आणि मजेचा आहे.

मात्र काही गोष्टींची दक्षता घेतलीच पाहिजे. खेळणे कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावेल इतके लहान नसावे. ते घशात अडकले तर प्राणावर बेतते. नवे खेळणे देताना जवळ कोणीतरी असावे. ज्या कुत्र्याला कापड फाडून गिळण्याची सवय आहे, त्याला पंचा देऊ नये. खेळण्याचा तुकडा निघू लागला, की ते टाकून द्यावे. खेळण्यात भरलेला खाऊ रोजच्या अन्नातूनच वजा करावा. नाहीतर करमणूक होईल आणि कुत्रा लठ्ठही होईल. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे हे पदार्थ माणसाला चालतात, पण कुत्र्याला विषासारखे बाधतात. ते कधीही देऊ नयेत. घरात दोन कुत्रे असतील, तर दोघांना वेगवेगळ्या जागी खेळू द्यावे. खेळानंतर खेळणे स्वच्छ धुवावे. आत राहिलेले अन्न सडते.

या सर्वांपेक्षा मोठी एक गोष्ट हंगेरी देशातील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांना आढळून आली. त्यांचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांनीच लहानपणापासून वाढविलेले लांडगे आणि पाळीव कुत्रे यांना खाऊ मिळविण्याची सोपी युक्ती शिकविली. दोघेही ती शिकले. मग शास्त्रज्ञांनी मुद्दाम अशी योजना केली, की कितीही खटपट केली तरी खाऊ मिळूच नये. कोडे आता सुटणारे नव्हते. लांडगे आपल्या बळावर झटत राहिले. कुत्र्यांनी मात्र थोडी खटपट केली, आणि मग ते मागे वळून आपल्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले.

लांडगा आणि कुत्रा यांच्यातील फरक या एका नजरेत आहे. हजारो वर्षांच्या सोबतीने कुत्र्याला एक गोष्ट शिकविली आहे: आपल्याला जे साधत नाही, ते आपल्या माणसाला साधते. ही नजर वळेल तेव्हा समोर माणूस असावा लागतो. रबराचा चेंडू ती नजर ओळखू शकत नाही. लाकडी पाट तिला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून खेळणे हे एकाकी दुपार सुसह्य करण्याचे साधन आहे. संध्याकाळच्या फेरफटक्याची, पाठीवरून फिरणाऱ्या हाताची आणि नावाने मारलेल्या हाकेची जागा ते घेऊ शकत नाही.

फ्रिट्झसाठी रबराचा तो तुकडा हाती लागला, त्याचे कारणही हेच आहे. आपला कुत्रा दगड चावतो, एवढे पाहून मार्कहॅम यांनी त्याला रागे भरून साखळीला बांधले असते, तर ती गोष्ट तेथेच संपली असती. त्यांनी तसे केले नाही. हातातील काम चालू असतानाही त्यांचे लक्ष फ्रिट्झच्या दातांकडे होते. त्या लक्षातूनच पुढचे सारे घडले. मुक्या प्राण्याला आपले गाऱ्हाणे सांगता येत नाही. तो ते आपल्या खोडींतून सांगतो. जो त्या खोडींवर चिडत नाही आणि त्यांचा अर्थ शोधू लागतो, तोच त्याचा खरा सोबती होय.

स्वाध्याय

१. फ्रिट्झच्या कोणत्या खोडीमुळे मार्कहॅम यांना चिंता वाटत होती?
२. धनगराचा कुत्रा आणि शहरातील घरात राहणारा कुत्रा यांच्या दिनक्रमांत कोणता फरक आहे?
३. गडगडणाऱ्या चेंडूतून खाऊ केव्हा बाहेर पडतो, ते आकृती काढून समजावून सांगा.
४. ‘शास्त्रात वाटण्याला महत्त्व नसते, पाहण्याला असते.’ हे वाक्य पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
५. न सुटणारे कोडे समोर आल्यावर लांडगा काय करतो आणि कुत्रा काय करतो? त्यावरून काय कळते?
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : दाद न देणे, नेम नसणे, मनाला लागून राहणे, प्राणावर बेतणे.
७. आपल्या परिसरातील एखाद्या प्राण्याची एक खोड आठवडाभर पाहा आणि तिचे कारण काय असावे, ते आठदहा ओळींत लिहा.